हलशी ते बेळगाव : आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्या राजधान्या

राजधानी बघायची म्हटलं की आमच्याकडची मंडळी रात्रीची बंगळूरची गाडी पकडतात. विधानसौध, लालबाग, कब्बन पार्क करून पुढे म्हैसूर. त्यातही कुणाला इतिहासाची ओढ असेल तर हंपी नाहीतर बदामी. या सगळ्या जागा बघण्यासारख्याच आहेत. पण बेळगाव जिल्ह्याची हद्द न ओलांडताही राजधान्या बघता येतात, हे आपल्यातल्या फार थोड्यांच्या ध्यानात असतं. कदंबांची हलशी, देसायांचं कित्तूर, रट्टांची सौंदत्ती आणि त्याच रट्टांनी पुढे निवडलेलं वेणुग्राम, म्हणजे आपलं बेळगाव. राजा उठून गेला की त्याच्या गावाचं पुढे काय होतं, हे मला एका फेरीत बघायचं होतं. दिवाळीनंतर अक्का पुण्याहून आली होती, तिची लेक सोबत होती. दोघींनाही बेत पटला आणि आम्ही गाडी काढली. क्रम काळाचा ठेवला नाही, रस्त्याच्या सोयीचा ठेवला.

पहिला दिवस : खानापूर, नंदगड, हलशी

सकाळी खानापूर गाठलं. पुलावर थांबून मलप्रभा बघितली. कणकुंबीला उगम पावलेली ही नदी इथे अजून लहान आहे, काठावर बायका धुणं धुताना एकमेकींशी पैलतीरावरून बोलू शकतात एवढीच. भाचीला म्हटलं, हिला नीट बघून ठेव, परवा परत भेटायची आहे.

खानापूर तालुक्यात तेव्हा भाताची सुगी चालली होती. तांबड्या मातीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताच्या पेंढ्या, मध्येच खळ्यावर मळणी, आणि हवेला ओल्या पिंजराचा वास. नंदगडला आत्तीचं घर आहे. तिच्याकडे न थांबता पुढे गेलो असतो तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. "आलासा व्हय? हातपाय धुवा आधी, मग काय ते राजेबिजे बघायला जावा की," म्हणून तिने भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे केली. नंदगडातच संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूर पडल्यावरही गनिमी काव्याने लढत राहिलेल्या या शिपायाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथे फाशी दिली. समाधीपाशी पाळणे बांधलेले दिसले. मूल व्हावं म्हणून लोक इथे नवस बोलतात. इतिहासातला माणूस गावाने देव करून ठेवलाय, आणि त्या श्रद्धेला मराठी-कानडी असा भेद नाही.

दुपार कलताना हलशीत शिरलो. गाव बघून कुणाच्या स्वप्नातही येणार नाही की इथे राजधानी होती. कौलारू घरं, दारात गवताच्या गंज्या, गोठ्यातून डोकावणाऱ्या म्हशी. पण पाचव्या शतकात या गावाला पलाशिका म्हणत, आणि बनवासीच्या कदंबांचं हे दुसरं मोठं ठाणं होतं. हे आपल्याला कळलं ते ताम्रपटांमुळे. गावाबाहेर चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळ मातीच्या ढिगात हे पत्रे सापडले आणि फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने ते एकोणिसाव्या शतकात वाचून छापले.

त्या ताम्रपटांत काय आहे ते मी भाचीला रस्त्यातच सांगत होतो, कारण देवळाआधी ते माहीत असलेलं बरं. एक पट युवराज काकुस्थवर्म्याचा आहे. श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीने आपला जीव वाचवला म्हणून त्याने त्याला शेत दिलं. दुसऱ्यात मृगेशवर्मा आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन देऊळ, बांधतो आणि त्याला तेहतीस निवर्तनं जमीन लावून देतो. तिसऱ्यात रविवर्मा सांगतो की दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवस उत्सव व्हावा, त्याचा खर्च अमुक गावाच्या उत्पन्नातून निघावा, आणि पावसाळ्याचे चार महिने साधूंच्या जेवणाखाणाची सोय व्हावी. मला हे तपशील लढायांच्या यादीपेक्षा फार मोलाचे वाटतात. खानापूरचा पाऊस ज्याने अनुभवलाय त्याला ते चार महिने लगेच कळतात. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी राजाने इथल्या पावसाचा विचार करून हुकूम काढला होता. तोच रविवर्मा पट्टात अभिमानाने सांगतो की कांचीच्या चंडदंडाला उखडून मी पलाशिकेत बसलो.

त्या जिनालयाची आज ओळख पटत नाही. आज गावात उभं आहे ते पुढच्या, म्हणजे गोव्याच्या कदंबांच्या काळातलं भूवराह-नृसिंहाचं देऊळ. त्यांच्या राज्यात हलशी हे एका मोठ्या प्रांताचं मुख्य ठिकाण होतं, 'पलशिगे बारा हजार' असं त्या प्रांताचं नाव लेखांत येतं. शिवचित्त पेर्माडी या राजाच्या काळात, ११६९ मध्ये, नृसिंहाची स्थापना झाली आणि त्याचा भाऊ विजयादित्य याच्या काळात वराहाची.

देवळात शिरताना आधी डोळ्यांना काहीच दिसत नाही. उन्हातून आत आलं की काळा दगड सगळा उजेड पिऊन टाकतो. पायाला गार फरशी लागते, मग हळूहळू कातीव खांब उजळायला लागतात. कातावर धरून फिरवल्यासारखे गोल गोल घडवलेले ते खांब इतके गुळगुळीत आहेत की भाचीने तळवा टेकवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली. या देवळात दोन गाभारे आहेत आणि ते एकमेकांकडे तोंड करून आहेत. मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला बसलेला देव, दुसऱ्या बाजूला पृथ्वीला उचलून धरलेला उभा वराह. वराहाच्या मूर्तीपुढे मी बराच वेळ होतो. अंगाचा सगळा भार एका पायावर, मान वर उचललेली, आणि वर धरलेली भूदेवी मात्र इतकी निवांत, की खाली किती जोर लागलाय याची तिला काळजीच नाही. ज्याने ही मूर्ती घडवली त्याला ओझं उचलणारा माणूस जवळून माहीत असणार.

पुजारीकाका मराठीत बोलत होते. अक्काने विचारलं, "काका, रोज किती जण येतात ओ?" "अमावास्या-पुनवेला गर्दी. एरवी गावचीच माणसं. शाळेच्या सहली येतात, पण पोरं घाईत असतात, तुम्ही बसलासा तसं कोण बसत नाही." त्यांनी आम्हाला तीर्थ दिलं आणि सुवर्णेश्वर, हाटकेश्वर, कपिलेश्वर अशी गावातली बाकीची देवळं कुठे आहेत ते हाताने दाखवलं. काही झाडीत दडलीत, काहींच्या शिखरावर गवत वाढलंय. सगळी पायी होतात, फक्त सावकाश हिंडायची तयारी हवी.

चक्रतीर्थाजवळ, नाहीतर निदान देवळाच्या दारात, एक फलक असायला हवा. मराठीत आणि कानडीत. त्यावर काकुस्थवर्म्याच्या शेताची आणि रविवर्म्याच्या चार महिन्यांची हकिकत चार-चार ओळींत. गावातल्या पोरांना आपण कुठे राहतो ते शाळेत जाता-येता वाचता आलं पाहिजे. ही मागणी मी ग्रामपंचायतीकडे लिहून देणार आहे.

रात्री मुक्कामाला परत आत्तीकडे.

दुसरा दिवस : देगाव, कित्तूर

बिडी गावावरून कित्तूरकडे जाताना जमीन मोकळी होत जाते. झाडी मागे पडते, भात संपतं, ऊस आणि मका सुरू होतो. कित्तूरच्या अलीकडे देगावला वळलो. इथलं कमलनारायणाचं देऊळ शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवलं. एका रांगेत तीन गाभारे आणि समोरून लांबच लांब खांबांचा मंडप. हलशीचं देऊळ अंगाने भारदस्त आहे, हे नाजूक आहे. राजा-राणीने एकाच पिढीत बांधलेली ही दोन देवळं एकामागोमाग बघितल्याशिवाय कदंबांचं वैभव पुरतं कळत नाही, म्हणून हलशीला जाणाऱ्याने देगाव चुकवू नये. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय फक्त मंडपात अभ्यास करणारी दोन मुलं होती.

कित्तूर तसं सगळ्यांना माहीत आहे. महामार्गावरच असल्याने गाड्या थांबतात, राणी चन्नम्माच्या पुतळ्याजवळ फोटो निघतात. किल्ल्यात शिरलं की वाड्याच्या भिंती समोर येतात. छप्पर नाही, लाकूड नाही, पण विटा-चुन्याच्या त्या जाड भिंतींवरून कुठली खोली कशाची होती याचा अंदाज येतो. स्नानगृहं, कोठारं, विहिरी, आणि ध्रुवतारा बघण्यासाठी ठेवलेला झरोका. रखवालदाराने कानडीतून सगळं समजावलं. मी अक्काला मराठीत सांगत होतो, तर मध्येच तोच मराठीत म्हणाला, "बाई, इकडून बघा, इकडून नीट दिसतं."

१८२४ साली कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्रसर्ज निपुत्रिक वारले, दत्तक घेतलेल्या वारसाला कंपनी सरकारने मान्यता नाकारली, आणि २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे किल्ल्याच्या दारात मारला गेला. मोठी फौज घेऊन इंग्रज डिसेंबरात परत आले तेव्हा किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथेच १८२९ मध्ये ती गेली. चन्नम्माचं माहेर काकती, म्हणजे आमच्या बेळगावच्या वेशीवरचं गाव. अठराशे सत्तावनच्या तेहतीस वर्षं आधीची ही लढाई आहे.

कित्तूरच्या गोष्टीतला एक भाग आपण मराठी माणसांनी आवर्जून वाचला पाहिजे. चन्नम्माचा नवरा मल्लसर्ज देसाई याला दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवलं होतं. १८१६ मध्ये सुटून परत येतानाच तो वारला. पुढच्या दोन वर्षांत पेशवाई गेली आणि आठ वर्षांत कित्तूर. शेजारच्यांनी एकमेकांना दुबळं केलं आणि तिसरा जिंकला. वाड्याच्या त्या उघड्या दालनांतून हिंडताना मला हेच सारखं आठवत होतं. अक्का म्हणाली, "आपल्याला शाळेत हे कुणी शिकवलं नाही रे." खरंच शिकवलं नव्हतं.

किल्ल्यातलं संग्रहालय लहान आहे, पण शस्त्रं आणि शिल्पं सावकाश बघावीत. बाहेर येऊन गिरमिट आणि मिरची खाल्ली. इथल्या चुरमुऱ्याला जी चव असते ती बेळगावात येत नाही.

तिसरा दिवस : सौंदत्ती

बैलहोंगल सोडलं की मातीचा रंग पार बदलतो. काळी कुळकुळीत जमीन, ज्वारी, कापूस, हरभरा. खानापूरचा माणूस इथे आला तर त्याला आपण दुसऱ्या मुलखात आलो असंच वाटेल, जिल्हा मात्र एकच.

सौंदत्ती म्हणजे जुनं सुगंधवर्ती. राष्ट्रकूटांचे आणि पुढे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेले रट्ट इथून 'कूंडी तीन हजार' हा प्रांत सांभाळत. हे घराणं जैन धर्माला मानणारं. मुनिचंद्र नावाचे एक आचार्य त्यांचे राजगुरू होते, आणि त्यांनी राजपुत्रांना शास्त्राबरोबर शस्त्रही शिकवलं, राज्यकारभारातही हात दिला. आज गावात दिसणारा किल्ला मात्र रट्टांचा नाही, तो अठराव्या शतकातल्या देसायांचा. बुरुजावर चढून खाली गाव बघितलं. रट्टांच्या राजधानीच्या खुणा शोधणाऱ्याला इथे निराशा येते हे खरं सांगतो. शिलालेख आहेत, त्यावरून इतिहास लिहिला गेलाय, पण उभी राजधानी डोळ्यांना दिसत नाही.

सौंदत्ती गजबजलेली आहे ती यल्लम्मामुळे. गावापासून थोड्या अंतरावर डोंगरावर रेणुकेचं ठाणं. कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिकोडीकडून बैलगाड्यांनी येणारी माणसं आता ट्रक-टेम्पोने येतात, पण येतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला तर डोंगर माणसांनी झाकून जातो. आम्ही गेलो तो साधा दिवस होता, तरी पायरीपायरीवर भंडारा उधळलेला, चौंडकं वाजत होतं, आणि "उदे गं आई, उदे" मराठीतून, "उधो उधो" कानडीतून एकाच रांगेत चाललं होतं. याच देवीच्या नावाने मुली सोडल्या जायच्या, हेही विसरू नये. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा करून ती प्रथा बंद केली. रांगेत आमच्या पुढे एक म्हातारी जोगतीण होती, डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, कपाळभर हळद. अक्काने तिला वाकून नमस्कार केला, तिने अक्काच्या लेकीच्या गालाला भंडारा लावला आणि म्हणाली, "शीक हं बाळ."

उतरताना नविलतीर्थाचं धरण बघितलं. खानापूरच्या पुलावरून बघितलेली मलप्रभा इथे रेणुकासागर झालेली. पैलतीर दिसतो न दिसतो. दोन डोंगरांच्या मधली चिंचोळी खिंड अडवून हे धरण बांधलंय. हीच नदी पुढे पट्टदकल आणि ऐहोळेवरून, चालुक्यांच्या मुलखातून जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. हलशीचे कदंब, सौंदत्तीचे रट्ट, बदामीचे चालुक्य, सगळे एकाच नदीच्या खोऱ्यातले. भाचीने फोनवर नकाशा काढून नदीवरून बोट फिरवत नेलं तेव्हा हे तिला माझ्या बोलण्यापेक्षा लवकर समजलं.

संध्याकाळी महामार्गाने परतताना हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध लागलं. २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेली ही इमारत उंचवट्यावर आहे, लांबूनच दिसते. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला बंगळूरची राजधानी थोडे दिवस इथे येते. आम्ही न थांबता पुढे आलो.

चौथा दिवस : बेळगाव

आपल्याच गावात पाहुण्यासारखं हिंडायला वेगळी नजर लागते, म्हणून सकाळी लवकर निघालो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात सौंदत्ती मागे पडली आणि वेणुग्राम वर आलं. किल्ला १२०४ चा मानतात. खंदकाचा वळसा घालून दारात आलो की गणपती आणि दुर्गेचं दर्शन होतं. आत लष्कराचा मोठा भाग आहे, तिथे मनात येईल तसं फिरता येत नाही. ओळखपत्र जवळ असू द्यावं.

कमल बस्तीसाठी मात्र वेळ राखून ठेवावा. कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये बांधलेलं हे नेमिनाथाचं देऊळ. मंडपात जाऊन वर बघायचं. छताच्या मध्यातून दगडाचं कमळ खाली उतरलंय, एकात एक पाकळ्यांची वर्तुळं, आणि पाकळ्या बहात्तर. गेलेल्या, चालू आणि येणाऱ्या काळातले प्रत्येकी चोवीस तीर्थंकर, असा तो हिशेब. आम्ही तिघंही फरशीवर उताणे पडून बघत होतो. कडेच्या पाकळीची जाडी कागदासारखी कमी होत जाते आणि टोकाला ती किंचित आत वळते. दगडाला एवढी आज्ञा पाळायला लावणारे हात या गावात होते.

त्या काळच्या बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत या देवळाला दिलेल्या दानांची नोंद आहे. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, लाट म्हणजे गुजरातकडचे आणि मलयाळ देशातलेही. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही बेळगावच्या पेठेत चार भाषा कानावर पडत असणार. खडे बाजारात आज मराठी, कानडी, उर्दू, कोकणी, गुजराती, मारवाडी एका वेळी ऐकू येते, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. ते लेख इथे, या मातीत असायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं. निदान त्यांचे ठसे आणि भाषांतर कमल बस्तीच्या आवारात लावता येईल.

रट्टांना देवगिरीच्या यादवांनी हरवलं. नंतर बहमनींचा महमूद गावान आला, मग आदिलशाही. किल्ल्यातली सफा मशीद असदखान लारीने १५१९ मध्ये बांधली. त्याच किल्ल्यात, रामकृष्ण आश्रमाच्या जागेवर, १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद राहिले होते. आधी ते गावात भाटे वकिलांकडे उतरले, मग इथे हरिपद मित्र यांच्या घरी आले. शिकागोला जायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आश्रमातली ती खोली शांतपणे बसण्यासारखी आहे.

दुपारी टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध. १९२४ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजींनी अध्यक्षपद स्वीकारलेलं हे एकमेव अधिवेशन. माळावर 'विजयनगर' नावाचं तंबूंचं गाव उभारलं होतं आणि पाण्यासाठी ही विहीर खणली, खर्च ४,३७० रुपये तीन आणे. ते काही दिवस तरी देशाची राजधानी बेळगाव होती असं मी म्हणतो, आणि त्यात अतिशयोक्ती मानत नाही.

मग बेळगावच्या कपिलेश्वराचं दर्शन, आणि गणपत गल्लीत अक्काची खरेदी. पुण्याला न्यायला कुंदा घेतला, मांडे सांगून ठेवले होते ते घेतले. जाणाऱ्यांसाठी सांगतो : हलशी-देगावला पावसाळ्यात जाऊ नये, रस्ते निसरडे असतात आणि देवळांतला अंधार आणखी दाट होतो. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. हलशीला जेवणाची सोय धरून चालू नये, खानापुरातून किंवा नंदगडातून शिदोरी बांधून घ्यावी. सौंदत्तीला मंगळवार-शुक्रवार टाळले तर दर्शन निवांत होतं. बेळगावचा किल्ला सकाळीच करावा, कमळावर उजेड तेव्हा चांगला असतो. गोव्याच्या कदंबांची चांदर ही राजधानी आमची राहिली. चोर्ला घाट उतरून ती करायची, असं भाचीने जाताना वहीत लिहून घेतलं आहे.